पाण्यात औषध टाकू दिलं नाहीत, त्याबद्दल

डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला आवडायचं नाही, आणि गावाला ते सांगायची गरजही नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चोपड्याकडच्या मळ्यात एक लांडोर मान ताणून, चोच वासून श्वास ओढत बसली होती. आबा म्हणाले, "मरी जाई ती. बकऱ्यांचं जंतांचं औषध पाणीमा टाकी दे." मी बाटली घेऊन निघालेच होते. तेवढ्यात तुम्ही वासरू बघायला आलात आणि बाटलीच काढून घेतलीत. राग आला होता, खोटं कशाला सांगू?

मग ओट्यावर बसून समजावलंत. कुंडीतलं पाणी एक मोर घोटभर पितो, दुसरा पोटभर. डोस कमी पडला की कमजोर जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढे त्यांचीच पिलावळ वाढते. शिवाय त्याच कुंडीवर होले-पारवे येतात. बाटलीतल्या त्या औषधानं, फेनबेंडाझोलनं, त्यांच्या हाडांतला रक्त तयार करणारा मगजच बिघडू शकतो.

मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणून वनविभागाला फोनही तुम्हीच केलात. लांडोर वाचली नाही. तिच्या श्वासनलिकेत लाल दोऱ्यासारखे जंत निघाले, नर मादीला कायमचा चिकटलेला, जोडी दिसायला बेचकीसारखी. यांच्या अळ्या गांडुळांत वर्षानुवर्षं तग धरतात, हे ऐकून मी अंगणात दाणे फेकणं बंद केलं. माझ्या कोंबड्या आणि मोर तिथेच टिपायचे. (आबा अजून चोरून मूठभर टाकतात.)

त्याच दिवशी तुम्ही विचारलंत, हे औषध बकऱ्यांना तरी लागू पडतंय का? आधी लेंड्या तपासल्या, औषध दिलं, चौदा दिवसांनी पुन्हा तपासल्या. जंतांची अंडी ९५ टक्के तरी घटायला हवी होती. आमच्याकडे निम्मीही घटली नाहीत. वर्षानुवर्षं एकच औषध, तेही वजन न करता अंदाजानं. बकरीचं शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे मेंढीचा डोस तिला अपुरा, हेही तेव्हाच कळलं. याच गटातलं जुनं औषध थायबेंडाझोल १९६१ मध्ये आलं आणि १९६४ पर्यंत मेंढ्यांचे जंत त्याला दाद देईनासे झाले होते, असं तुम्ही म्हणालात. तरी आम्ही दुकानदारालाच विचारत बसलो!

आता वजनकाटा आणलाय. पापणी उलटून बघते. आतून फिकट, म्हणजे जंतांनी रक्त ओढलेलं, दिसेल त्याच बकरीला औषध, सरसकट कळपाला नाही.

तपासणीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. धाकट्याबरोबर दोन डझन गावरान अंडी पाठवतेय. या वेळी तरी नाही म्हणू नका.

तुमची,
मळ्यातली वहिनी