चाळिशीच्या चष्म्याआड

पुणे,
११ जानेवारी

प्रिय सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा आठवडी बाजारातून उचललेली चाळिशी नाकावर चढवून तू मला वर्तमानपत्र घडाघडा वाचून दाखवलेस आणि डोळे ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिलास. मी हसलो, कारण तोवर माझाही समज तोच होता. परतल्यावर नंबर बदलून घेण्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो आणि काचबिंदूचे निदान घेऊन घरी आलो.

तक्त्यावरची शेवटची ओळ मी सहज वाचली होती. डोळ्याचा दाब मात्र उजवीकडे २४ आणि डावीकडे २८ निघाला. सर्वसाधारणपणे तो १० ते २१ असतो. मग हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, समोरच्या दिव्यावर नजर रोखायची आणि आजूबाजूला ठिणगी चमकली की बटण दाबायचे, अशी परीक्षा झाली. मी तर सारखे बटण दाबत होतो! तरीही डाव्या डोळ्याच्या कागदावर नाकाकडच्या बाजूला काळा डाग उमटला. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, म्हणून इतके दिवस मला तिचा पत्ता नव्हता. आतल्या पाण्याचा निचरा मंदावून दाब वाढतो, डोळ्यामागच्या मज्जातंतूची हानी होते आणि हे सारे बहुधा न दुखता, कडेकडून चालते.

अण्णांचे आठवते ना? "मोतीबिंदू पिकू द्या, मग पाहू," असे म्हणत आपण सर्वांनीच दोन वर्षे घालवली आणि निघाला काचबिंदू. मोतीबिंदू काढला की दृष्टी परत येते. काचबिंदूने नेलेली येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. रुग्णाच्या मुलांना आणि सख्ख्या भावंडांना याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो, म्हणून हे पत्र तुला लिहितो आहे. शिवाय डोळे लाल झाले की तू औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणतोस. त्यांत स्टेरॉइड असेल तर त्यानेही दाब वाढू शकतो. ती बाटली आधी बंद कर.

मला रोज रात्री एक थेंब घालावा लागतो. पहिला आठवडा निम्मे औषध गालावर गेले. आता खालची पापणी ओढून थेंब सोडतो, डोळा मिटतो आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरतो, म्हणजे औषध घशात उतरत नाही.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी सकाळी ११ वाजता तुझी वेळ घेतली आहे. अण्णांच्या तपासणीचे जुने कागद आण, आणि ती बाजारातली चाळिशीही दाखव. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते. तेव्हा मोटारसायकल आणू नकोस, एसटीने ये. मी स्थानकावर न्यायला येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव