विधान परिषदेतल्या जाणकारांच्या जागा

महोदय,

विधान परिषद हवी कशाला, हा वाद अधूनमधून निघतो. पडलेल्यांची सोय आणि रुसलेल्यांची समजूत एवढाच तिचा उपयोग दिसत असेल, तर लोक विचारणारच. पण 78 जणांच्या या सभागृहाची घडण पाहा. 22 सदस्य जिल्हा परिषदा, नगरपालिका, महापालिकांच्या लोकप्रतिनिधींनी पाठवायचे. 12 जण साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवेतले जाणकार म्हणून मंत्रिमंडळाच्या शिफारशीवरून राज्यपालांनी नेमायचे. कायदा करताना गावची खबर आणि विषयाची जाण दोन्ही हाताशी असावी, याची तजवीज आधीच करून ठेवलेली आहे.

आमच्या सांगली जिल्ह्याला याचे अप्रूप जास्त. परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1960 च्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात राज्यभर त्या कल्पनेचा कस लागला आणि 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. आधी बांधावरचा अनुभव, मग कलमे. पुढे 2005 मध्ये देशाने हाच मार्ग धरला. ना. धों. महानोरांसारखा शेतकरी कवी याच सभागृहात शेती-पाण्यावर बोलत असे.

आणि आता? नोव्हेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेल्या 12 नावांवर निर्णयच झाला नाही. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य, असे उच्च न्यायालयाने सांगूनही. ऑक्टोबर 2024 मध्ये सात जणांचा शपथविधी झाला, तोही विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी. जागा सत्तेतल्या तीन पक्षांत वाटलेल्या. (आधीच्या यादीतही राजकारणी कमी नव्हते, हेही सांगायला हवे.) दुसरीकडे, 2022 मध्ये मुदत संपलेल्या महापालिका, जिल्हा परिषदा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. परिषदेसाठी मत देणारे लोकप्रतिनिधीच नाहीत म्हटल्यावर या संस्थांच्या वाट्याच्या जागाही रिकाम्या पडत गेल्या.

माझे म्हणणे एवढेच, की नाव सुचवताना त्या व्यक्तीचे कोणत्या क्षेत्रातले कोणते काम पाहिले, हे मंत्रिमंडळाने पानभर लिहून जाहीर करावे. शेती, पाणी, सहकाराच्या विधेयकाचा मसुदा सोप्या मराठीत महिनाभर ग्रामसभांपुढे ठेवावा. नक्षलवादाला आळा घालण्यासाठी म्हणून आणलेले जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा 12 हजारांवर सूचना आल्या होत्या. विचारले तर लोक सांगतात. यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही.

– एक वाचक, सांगली