अश्वशक्तीच्या रकान्याशेजारी वजनाचाही रकाना हवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या वाहनविषयक पुरवणीत नुकतीच छत उघडणाऱ्या गाड्यांची तुलना प्रसिद्ध झाली. सोबतच्या तक्त्यात इंजिनाचा आकार, अश्वशक्ती, शून्यापासून ताशी 100 किलोमीटर वेग गाठायला लागणारा वेळ आणि कमाल वेग असे सगळे रकाने होते. गाडीच्या वजनाचा रकाना मात्र नव्हता. त्यामुळे दोन आसनी लहान रोडस्टर तक्त्याच्या तळाला गेल्या आणि मजकुरातही ‘मोठी गाडी न परवडणाऱ्यांचा पर्याय’ एवढ्यावरच त्यांची बोळवण झाली. मी सहा वर्षे वापरलेली ताकदवान कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणारी मोठी गाडी, विकून अशी लहान रोडस्टर घेतली आहे. ती जड गाडी मला परवडत नव्हती म्हणून नव्हे, तर चालवण्याचा आनंद तिच्यात कमी होत गेला म्हणून. त्या अनुभवाच्या आधारे हे पत्र लिहीत आहे.

माझी आधीची गाडी चार आसनी होती. आठ सिलिंडरांचे इंजिन, सुमारे 410 अश्वशक्ती, बटण दाबताच तीन तुकड्यांत घडी होऊन डिक्कीत जाणारे धातूचे छत आणि सुमारे 1,850 किलो वजन. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. त्या इंजिनाचा आवाज आजही कानात आहे. परंतु इतकी ताकद सार्वजनिक रस्त्यावर वापरायची म्हटली, तर ती वापरता येते जेमतेम पाच सेकंद. तेवढ्यात गाडी ताशी 100 किलोमीटरपर्यंत पोहोचते आणि चालकाला पाय उचलावाच लागतो. मग पुढचा तासभर आपण एका अतिशय समर्थ यंत्राला आवरून धरत राहतो. डोंगरातल्या अरुंद वळणांवर तर मी दुसरा गिअर सोडून तिसऱ्यात क्वचितच जात असे, आणि इंजिन ज्या वरच्या फेऱ्यांवर खऱ्या अर्थाने गाऊ लागते तिथपर्यंत त्याला नेण्याचा प्रसंग महिनोन्महिने येत नसे.

आता वजनाकडे येतो, कारण पत्राचा मूळ मुद्दा तोच आहे. माझ्या सध्याच्या मॅझ्दा एमएक्स-5 मध्ये दोन लिटरचे, चार सिलिंडरांचे, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेले इंजिन आहे. त्याची ताकद सुमारे 180 अश्वशक्ती, म्हणजे आधीच्या गाडीच्या निम्म्याहूनही कमी. तक्ता वाचणारा इथेच निर्णय करून मोकळा होईल. पण या गाडीचे वजन सुमारे 1,060 किलो आहे. दर टनामागे हिशेब केला, तर जड गाडीच्या वाट्याला सुमारे 222 अश्वशक्ती येतात आणि हलक्या गाडीच्या वाट्याला सुमारे 170. निम्म्याहून कमी वाटणारी ताकद प्रत्यक्षात तीन चतुर्थांश ठरते. ताशी 100 किलोमीटरचा वेग रोडस्टर साडेसहा सेकंदांच्या आसपास गाठते, आणि रस्त्यावर ते पुष्कळ झाले.

वेग घेण्यापेक्षा वेग कमी करताना आणि वळताना वजनाचा फरक अधिक जाणवतो. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो. त्या हिशेबाने माझी जुनी गाडी ताशी 60 किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यात जेवढी ऊर्जा असे, तेवढी साठवायला या रोडस्टरला जवळजवळ 80 चा वेग गाठावा लागतो. ही सगळी ऊर्जा थांबताना ब्रेकच्या चकत्यांना उष्णतेच्या रूपाने झेलावी लागते. म्हणूनच जड गाडीला मोठे ब्रेक लागतात, ते मावण्यासाठी मोठी चाके, त्यांवर रुंद टायर, ते पेलण्यासाठी भक्कम सस्पेन्शन, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीने वजन आणखी वाढते. उलट हलक्या गाडीला अरुंद टायर पुरतात. अरुंद टायरची पकड कमी असते हे खरे, पण ती सुटण्याच्या बेतात आली की तशी सूचना स्टिअरिंगमधून आणि आसनातून आधीच मिळते, आणि तीही अशा वेगाला की चूक सावरता येते. जुन्या गाडीत ही सीमा इतक्या वरच्या वेगाला होती की सहा वर्षांत मी तिच्या जवळपासही गेलो नाही, आणि जाऊही नये.

छत उघडणाऱ्या गाड्यांना वजनाचा प्रश्न अधिक जाचतो. बंद गाडीचे छत हे केवळ आच्छादन नसते; पेटीचे झाकण बसवल्यावर पेटी जशी ताठ होते, तसा सांगाड्याला त्याचा आधार असतो. ते काढले की सांगाडा पिळवटू लागतो. मग दारांखालचे पन्हाळीसारखे भाग जाड करावे लागतात, समोरच्या काचेची चौकट मजबूत करावी लागते, तळाला आडव्या पट्ट्या जोडाव्या लागतात. धातूचे घडीचे छत असेल तर त्याच्या मोटारी आणि बिजागऱ्या वेगळ्याच. बंद गाडीवरून बेतलेल्या मोठ्या कन्व्हर्टिबल त्यामुळे मूळ गाडीपेक्षा शेकडो किलोंनी जड होऊ शकतात, आणि तरीही खराब रस्त्यावर माझ्या जुन्या गाडीचा आतला आरसा थरथरत असे. मुळात रोडस्टर म्हणूनच आखलेल्या गाडीची गोष्ट निराळी असते. एमएक्स-5 च्या दोन आसांमधले, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले, अंतर केवळ 2,310 मिलिमीटर आहे. मागची आसने नाहीत, म्हणून सांगाड्यातली उघडी जागा लहान आहे आणि तिला पिळवटण्यापासून रोखायला कमी पोलाद पुरते. कापडी छताचा खटका सोडून एका हाताने ते मागे ढकलायचे, की काम झाले. सिग्नलला उभे असताना हे सहज उरकते.

या गाड्यांच्या इतिहासातही वजनाचा हाच धागा दिसतो. 1962 साली आलेली लोटस एलान ही ब्रिटिश रोडस्टर सातशे किलोच्या आत होती. पोलादी कण्यासारख्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) फायबरग्लासचे शरीर बसवून ते साधले होते. त्याच वर्षी आलेली एमजीबी ही दुसरी ब्रिटिश रोडस्टर 1980 पर्यंत बनत राहिली आणि पाच लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. नंतर ही जात जवळजवळ लोप पावली. 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात मॅझ्दाने एमएक्स-5 मांडली, तेव्हा तिचे इंजिन होते 1.6 लिटरचे आणि ताकद सुमारे 115 अश्वशक्ती. तरीही तिने पुढच्या काही वर्षांत बीएमडब्ल्यू झी-3, मर्सिडीज एसएलके आणि पोर्शे बॉक्स्टर यांना वाट करून दिली, आणि 2016 मध्ये ती स्वतः दहा लाखांचा टप्पा ओलांडून गेली. मला विशेष महत्त्वाची वाटते ती तिची चौथी पिढी. पिढीगणिक गाड्या फुगत जातात, पण इथे अभियंत्यांनी तिसऱ्या पिढीच्या तुलनेत शंभर किलोंच्या आसपास वजन उतरवले. एवढे वजन उतरवणे हे अश्वशक्ती वाढवण्यापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे, आणि आपल्या तक्त्यात त्याची दखल घ्यायला जागाच नव्हती.

या बदलात मी काहीच गमावले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. महामार्गावर लांबलचक वाहनाला मागे टाकताना पूर्वी पाय किंचित दाबला की पुरे होई. आता खालचा गिअर घ्यावा लागतो आणि पुढचा रस्ता अधिक लांबवर पाहावा लागतो. कापडी छत लावलेले असतानाही वाऱ्याचा आवाज आत येतो, त्यामुळे चार तासांच्या प्रवासानंतर थकवा जाणवतो. सामान म्हणजे दोन मऊ पिशव्या, त्याहून जास्त नाही. मुलांना घेऊन जायचे असेल तर घरातली दुसरी गाडी लागते, आणि ज्यांच्याकडे एकच गाडी आहे त्यांना मी रोडस्टर घ्या असे कधीही सांगणार नाही. सर्वांत गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. हलके वाहन जड वाहनावर आदळले तर हलक्या वाहनातल्या माणसांना अधिक धक्का बसतो. हा भौतिकशास्त्राचाच नियम आहे आणि एअरबॅग किंवा सीटबेल्ट त्याला पुरते खोडून काढू शकत नाहीत. गाडी बुटकी असल्यामुळे उंच ट्रकच्या चालकाला ती आरशात दिसत नाही, म्हणून मी अशा वाहनांच्या बाजूला रेंगाळत नाही आणि दिवसाही पुढचे दिवे चालू ठेवतो. वजनाचा आकडा वाचकासमोर हवा तो या कारणासाठीही. हलकेपणाचे गुण सांगायचे तर त्याची ही बाजूही त्याच तक्त्यातून वाचकाला कळली पाहिजे.

यापुढे तर या आकड्याची गरज वाढणारच आहे. 2008 मध्ये टेस्लाने विजेवर चालणारी आपली पहिली रोडस्टर लोटसच्या एलिस या हलक्या गाडीच्या रचनेवर आधारून बनवली, तेव्हा तिच्या बॅटरीचेच वजन सुमारे 450 किलो होते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना ताकद मिळवणे सोपे जाते, हलके राहणे कठीण जाते. केवळ अश्वशक्ती आणि सेकंद छापत राहिलो, तर अशा गाड्यांमधला खरा फरक वाचकाला कधीच कळणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी. यापुढील प्रत्येक तुलनेत चालकाविना आणि इंधनासह भरलेले वजन किलोमध्ये छापावे, त्याच्या शेजारी दर टनामागची अश्वशक्ती द्यावी, आणि छत उघडणाऱ्या गाडीची बंद आवृत्ती उपलब्ध असेल तर दोघींच्या वजनातला फरकही द्यावा. आपल्या परीक्षकांनी अशा गाड्या मोकळ्या महामार्गाऐवजी ताशी 40 ते 80 किलोमीटरच्या टप्प्यात, वळणांच्या रस्त्यावर, छत उघडून चालवाव्यात आणि तिथे स्टिअरिंग, ब्रेक व गिअर कसे वाटले तेही लिहावे. या गोष्टी मला गाडी घेण्यापूर्वी वाचायला मिळाल्या असत्या, तर निर्णयाला सहा वर्षे लागली नसती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक