भत्त्याने बेकारी वाढते की दिसते?

महोदय,

बेकारांना भत्ता सुरू केला तर बेकारीचा आकडा फुगेल, असा आक्षेप आमच्याकडे मालवणात सुशिक्षितांकडूनही ऐकू येतो. तो आकडा मोजतात कसा, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

ब्रिटनमध्ये 1982 पासून भत्ता घेणाऱ्यांची संख्या हीच बेकारांची अधिकृत संख्या मानली जाई. साहजिकच भत्त्याचे नियम कडक झाले की एकालाही काम न मिळता बेकारी घटलेली दिसे. अखेर 1998 मध्ये तिथे घरोघरच्या पाहणीतून निघणाऱ्या आकड्याला अग्रस्थान मिळाले. अमेरिकेतही दर पाहणीतूनच ठरतो, त्यामुळे भत्त्याची मुदत संपलेला माणूस काम शोधत असेल तर तो बेकारच धरला जातो. अर्थात पाहणीवरही भत्त्याची छाया पडते. भत्ता चालू राहावा म्हणून काम शोधत राहावे लागते आणि एरवी निराश होऊन गणतीबाहेर गेलेला माणूस तिच्यात टिकून राहतो.

आपल्याकडे नेमके उलट घडते. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीच्या बंदीकाळात यांत्रिकी नौका किनाऱ्याला लागतात आणि खलाशाची मजुरी थांबते. भत्ता नसल्याने रिकामे बसणे त्याला परवडत नाही; तो लावणीला जातो, जाळी दुरुस्त करतो, नाहीतर घरच्याच शेतात विनामोबदला राबतो. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीच्या साप्ताहिक निकषानुसार सात दिवसांत एक तास काम केले तरी माणूस रोजगारात मोडतो, आणि घरच्या शेतातले राबणेही कामच ठरते. वार्षिक निकषात तर वर्षाचा बहुतांश काळ तो बोटीवर असल्यामुळे हे दोन महिने दिसतच नाहीत. 2023-24 मध्ये देशाचा बेकारीचा दर वार्षिक निकषाने 3.2 टक्के, तर साप्ताहिक निकषाने 4.9 टक्के होता. दोन्ही आकडे खरेच, पण आमच्या खलाशाचा आषाढ त्यांपैकी एकातही धड सापडायचा नाही.

उद्या बंदीकाळात काम शोधण्याच्या अटीवर पुरेसा भत्ता मिळू लागला, तर यातले काही जण पाहणीत ‘काम शोधतो आहे’ असे सांगतील आणि दर चढेल. बोटी मात्र आजही तितक्याच शाकारलेल्या असतात.

तेव्हा बेकारीचा दर छापताना तो कोणत्या निकषाचा आणि कोणत्या महिन्यांचा, हे आपण शेजारीच नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मालवण (जि. सिंधुदुर्ग)