खुले पत्र: मला रात्री घाम येतो, हे कुणाकुणाला कळवलंत?

प्रति,
माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री

स. न. वि. वि.

मी नाशिकची. वय ४८, शाळेत गणित शिकवते. पाळी जायच्या वयात झोप उडते, घामाने उशी भिजते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नोंद ठेवा. म्हणून आरोग्याचं एक अ‍ॅप घेतलं. पहाटे ३ वाजता अंधारात रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं, मग ‘घाम’, मग ‘चिडचिड’. नवऱ्यालाही बोलले नव्हते. ‘चहा कमी कर’ म्हणाले असते.

रविवारी दिरांना माझ्या मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. आधी जाहिरात आली: रजोनिवृत्तीत चिडचिड होते का? दीर सगळ्यांसमोर हसले, “वहिनी, मोबाइललाही कळलं!” मी पोळ्या लाटायला आत गेले.

रात्री मुलाने अ‍ॅपचं धोरण वाचून दाखवलं. ‘सेवा सुधारण्यासाठी’ माहिती अ‍ॅनॅलिटिक्सवाल्यांना, म्हणजे अ‍ॅप कोण कसं वापरतं याचा हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना, देतात. मी बटण दाबलं की कुठलं दाबलं ते फोनच्या जाहिरात-क्रमांकासकट (जाहिरातवाले फोन ओळखतात तो क्रमांक) तिकडे जातं. नाव जात नाही म्हणे! नाव कशाला हवं? फोन माझ्याच उशाशी असतो. जाहिरात तिथूनच आली याचा पुरावा मागाल. तो मी कुठून आणू?

खासगीपणा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं. तुमचा डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे आणि कंपन्यांना वर १८ महिन्यांची सवलत. एवढी मुदत मी गृहपाठाला दिली तर पालक शाळा डोक्यावर घेतील. २०१९ च्या विधेयकात आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ होती, या कायद्यात तो वर्गच गायब. दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत. मला काय? तक्रार क्षुल्लक ठरली तर मलाच १०,००० रुपयांपर्यंत दंड! अमेरिकेत ‘फ्लो’ या पाळीच्या अ‍ॅपला अशाच प्रकरणी २०२१ मध्ये सरकारी आयोगाने वठणीवर आणलं. आपण मुदती वाटतोय.

आणि याच कायद्याने माहिती अधिकाराला कात्री लावलीत. गल्लीतला रस्ता कुणी खाल्ला विचारावं तर ‘वैयक्तिक माहिती’. साहेबांचं सगळं वैयक्तिक, आमचा घाम तेवढा सार्वजनिक!

आरोग्याच्या नोंदी जाहिरातवाल्यांकडे जाणं बंद करा आणि ती मुदत कापा, एवढंच मागते.

अ‍ॅप काढलंय. आता मुलाच्या जुन्या वहीत पेन्सिलीने लिहिते. वही साड्यांखाली असते.

आपली,
एक शिक्षिका