ती बंदूक शिवकालीन नाहीये!

संपादक साहेब, गणपतीला गावी रत्नागिरीकडे गेलो होतो, तिथे एका प्रदर्शनात आखूड बंदूक ठेवलेली आणि खाली पाटी, शिवकालीन. अहो, तिला आपटणारा घोडा आणि टोपी (आपटल्यावर पेटणारी छोटी धातूची वाटी) ठेवायचा निप्पल होता, टोपीवर उडणाऱ्या बंदुका आल्या १९व्या शतकात आणि महाराज गेले १६८० मध्ये! मला जुन्या कार्बाईन्सचा, म्हणजे आखूड बंदुकांचा नाद आहे म्हणून नीट बघितली, डाव्या बाजूला पट्टी आणि कडी होती, म्हणजे घोडेस्वाराची, खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवायची. दारू-गोळी ठासायचा गजपण नळीलाच सांध्याने जोडलेला, घोड्यावर भरताना हातातून पडू नये म्हणून, काय डोकं लावलंय बघा. पुढे स्नायडर, मार्टिनी-हेन्री या मागून भरायच्या ब्रिटिश बंदुका आल्या आणि गजाची कटकटच गेली.

आपल्याकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक घरोघरी माहितीये, तरी अशी पाटी लागते. आणि माळ्यावर जुनी बंदूक सापडली तर भंगारात देऊ नका प्लीज, घासूनपुसून चकचकीत तर अजिबात करू नका, बनवणाऱ्याचे शिक्के जातात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला, चालणारी असेल तर आधी पोलिसांना विचारा.

– एक वाचक, रत्नागिरी