तात्पर्य मुलांनाच काढू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

परिपाठात बोधकथा होते आणि तिचं तात्पर्यही आम्ही शिक्षकच सांगून मोकळे होतो. ससा झोपला, कासव जिंकलं, म्हणून आळस करू नये. झालं. हीच गोष्ट तात्पर्य न सांगता चौथीच्या वर्गापुढे ठेवून पाहा. 'कासवानं सशाला उठवायला नको होतं का?' असं कुणीतरी विचारतं. शर्यतीत प्रतिस्पर्ध्याला उठवणं चांगुलपणा की वेडेपणा? न उठवता जिंकलं तर ती लबाडी का? यावर मुलं तावातावानं भांडतात. माझ्या मते तो तत्त्वज्ञानाचाच तास असतो, फळ्यावर तसं लिहिलेलं नसलं तरी.

अमेरिकेत मॅथ्यू लिपमन या प्राध्यापकांनी मुलांच्या अशा तत्त्वज्ञान-तासाची पद्धत बसवली आणि १९७४ साली न्यू जर्सीत त्यासाठी संस्था काढली. मुलं गोल बसतात, गोष्ट वाचतात, प्रश्न स्वतः काढतात. 'मला पटत नाही' म्हणणाऱ्यानं कारण द्यायचं. शिक्षकानं उत्तर द्यायचं नाही, 'कशावरून?' एवढंच विचारायचं. आम्हाला हेच सर्वांत जड जाणार आहे!

यानं गुण वाढतील, असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये ४८ शाळांत ही पद्धत वापरून झालेल्या चाचणीत वाचन-गणितात सुमारे दोन महिन्यांची जादा प्रगती दिसली होती. पुढच्या, बऱ्याच मोठ्या चाचणीत वाचनातली ती वाढ दिसली नाही. तेव्हा निकालाच्या टक्केवारीसाठी हे आणू नका. समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणं, कारण मागणं, पटलं तर आपलं मत बदलणं, हे दहा वर्षांच्या मुलाला जमू लागलं तर मला पुरे आहे. मोबाइलवर आलेलं सगळं खरं मानणाऱ्या घरांत हीच मुलं वाढताहेत.

मागणी छोटी आहे. तिसरीपासून आठवड्यातली एक तासिका यासाठी मोकळी द्या. पाठ्यपुस्तक नको, परीक्षा नको. परीक्षा आली की गाइड आलं, आणि गाइडमध्ये कासवाचं उत्तर छापून येईल. ऑनलाइन माहिती भरायला नवा तक्ताही नको. प्रशिक्षण तेवढं नीट हवं. सभागृहातलं भाषण नको, केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत कुणीतरी खऱ्या मुलांसमोर तास घेऊन दाखवावा. सुरुवातीला प्रत्येक तालुक्यातल्या चार-पाच इच्छुक शाळा घ्या. सक्ती केलीत तर हाही एक उपक्रम होऊन फोटोपुरता उरेल.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक